बाण म्हणजे मूल : जोडीदारासाठी नॉर्वेजियनची शिकवणी शोधताना

बेळगावच्या बाजारात दुकानदार कन्नडात भाव सांगतो, गिऱ्हाईक मराठीत घासाघीस करतं आणि दोघांचंही काम होतं. खानापूर, निपाणी, चिकोडी, सगळीकडे हेच चित्र. समोरच्याची भाषा कानाला पूर्ण कळते, पण तोंड आपल्याच भाषेत चालतं. इथे ही सवय फार उपयोगी पडते. नॉर्वेत तीच नडते. तिथे समोरचा नॉर्वेजियन बोलतो, आपण इंग्रजीत उत्तर देतो, तोही लगेच सफाईदार इंग्रजीवर येतो. असं करत पाच वर्षं जातात, सगळं कळायला लागतं आणि तरी एक सरळ वाक्य बोलता येत नाही. म्हणून बायकोसाठी किंवा नवऱ्यासाठी शिकवणी बघताना फी, प्रमाणपत्र, वेबसाइट यांच्या आधी एकच गोष्ट मोजावी: त्या तासात शिकणाऱ्याचं तोंड किती मिनिटं चालतं.

हे लिहिताना डोळ्यांसमोर आहेत ती आपल्या भागातली घरं. एक जण स्टावांगरच्या तेलधंद्यात, ऑस्लोच्या आयटीत किंवा ट्रॉनहाइमच्या विद्यापीठात. दुसरा टिळकवाडीत नाहीतर येळ्ळूरच्या घरी नॉर्वेच्या वास्तव्य-परवान्याची वाट बघत, किंवा नुकताच तिकडे पोचलेला.

आधी परवाना वाचा

फुकट वर्ग मिळणार की पैसे भरायचे, हे परवान्याच्या प्रकारावर ठरतं. जोडीदार नॉर्वेचा नागरिक असेल, तर कुटुंब-परवान्यावर येणाऱ्याला साधारणपणे कोमुनेकडून, म्हणजे तिथल्या नगरपालिकेकडून, मोफत शिक्षणाचा हक्क असतो. भारतातून कुशल कामगार म्हणून गेलेल्याच्या जोडीदाराला बहुतेक वेळा स्वतःच्या खिशातून भरावं लागतं. आपल्याकडची बरीच घरं या दुसऱ्या गटात मोडतात. २०२१ पासून लागू झालेल्या एकात्मीकरण कायद्यात हे हक्क आणि बंधनं मांडलेली आहेत. परवान्याचं पत्र घेऊन कोमुनेच्या प्रौढशिक्षण केंद्रात विचारलं की दहा मिनिटांत उलगडा होतो. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरच्या उत्तरावर विसंबू नये. उत्तर देणाऱ्याचा परवाना वेगळ्या प्रकारचा असतो, इतकं साधं कारण आहे.

पैसे भरायचे असतील तर नोकरीचं पत्र हातात येताना, सही करण्याआधी, कंपनीला जोडीदाराच्या भाषावर्गाचा खर्च मागावा. स्थलांतराच्या मदतीत विमानतिकीट आणि सामान धरलं जातं. भाषावर्ग मागितल्याशिवाय सहसा कुणी देत नाही, आणि रुजू झाल्यावर मागणं अवघड जातं.

नागरिकत्वासाठी १ ऑक्टोबर २०२२ पासून तोंडी परीक्षेत बी-१ पातळी लागते, त्याआधी ए-२ पुरत होती. (युरोपात भाषेच्या पातळ्या ए-१, ए-२, बी-१, बी-२ अशा चढत जातात.) भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, त्यामुळे आपल्यातले बरेच जण कायम वास्तव्यावरच थांबतात. पण त्यालाही भाषेची आणि समाजज्ञानाची अट आहे. हे नियम मधूनमधून बदलतात. अर्ज करण्याच्या दिवशी यूडीआयच्या, म्हणजे नॉर्वेच्या परदेशी नागरिक खात्याच्या, संकेतस्थळावर जे असेल तेच धरून चालावं.

बेळगावात बसून सुरुवात करायची असेल तर

करावीच. परवान्याला काही महिने लागतात आणि तेवढ्या वेळात ए-१ संपवता येतं. बेळगावात जर्मन-फ्रेंचच्या शिकवण्या मिळतील, पण नॉर्वेजियनचा वर्ग गावातच सापडेल या आशेवर महिने घालवू नयेत. शिकवणी ऑनलाइनच घ्यायची असं ठरवून टाकावं.

पहिली अडचण घड्याळाची. नॉर्वे हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं, उन्हाळ्यात साडेतीन. तिथला संध्याकाळी सहाचा वर्ग हिवाळ्यात आपल्याकडे रात्री साडेदहाला लागतो. दिवसभर घर, सासूबाई, पोरं सांभाळून साडेदहाला नवीन भाषा बोलायची म्हणजे दुसऱ्या आठवड्यापासून दांड्या पडणारच. तिथला सकाळी नऊचा वर्ग मागावा. तो हिवाळ्यात दुपारी दीडला, उन्हाळ्यात साडेबाराला येतो, आणि त्या वेळेला जेवणं उरकून दार लावून बसता येतं. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं बदलतात. त्या आठवड्यात हमखास एक वर्ग चुकतो, म्हणून कॅलेंडरवर आत्ताच खूण करून ठेवावी.

दुसरी अडचण वेळापत्रक वाचण्याची. तिथे तारखांऐवजी आठवड्याचा आकडा लिहितात. ‘ऊके ३४’ म्हणजे वर्षाचा चौतिसावा आठवडा, ऑगस्टचा उत्तरार्ध. वर्ग ऑगस्टमध्ये आणि जानेवारीत सुरू होतात, जुलै जवळजवळ पूर्ण सुट्टीचा. मे-जूनमध्ये चौकशी करून जुलैत वर्ग मागणाऱ्याला काहीच हाती लागत नाही.

तिसरी गोष्ट तासाची. त्यांचा शिकवणीचा तास ४५ मिनिटांचा असतो. ६० तासांचा कोर्स म्हणजे घड्याळाचे ४५ तास. दोन कोर्सांची फी ताडून बघताना आधी दोन्ही घड्याळी तासांत आणावेत आणि मग भागाकार करावा. पुस्तकं वेगळी घ्यायची की फीमध्ये धरलेली, हेही विचारावं. बहुतेक ठिकाणी पाठ्यपुस्तक आणि अभ्यासपुस्तक अशी जोडी लागते.

फी भरताना इथलं कार्ड बहुधा नाकारलं जातं, कारण कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार बंद ठेवलेले असतात. बँकेच्या अ‍ॅपमधून ते सुरू करून मर्यादा घालावी. तिथलं व्हिप्स हे पैसे देण्याचं अ‍ॅप तिथला ओळख क्रमांक आणि बँकखातं झाल्याशिवाय चालत नाही. तोवर तिकडच्या जोडीदारानेच फी भरलेली सोपी पडते.

चाचणी तास कसा पारखायचा

आयटॉकी, प्रेप्ली अशा संकेतस्थळांवर एकेकटे शिक्षक मिळतात, संस्थांचे गटवर्गही असतात. गटवर्गाचा हिशोब आधी करून बघावा. ९० मिनिटांच्या वर्गात १० जण असले आणि निम्मा वेळ शिक्षक बोलले, तर प्रत्येकाच्या वाट्याला साडेचार मिनिटं येतात. सीमाभागातला माणूस त्या साडेचार मिनिटांतही नुसता मान डोलावून निभावून नेतो, कारण त्याला कळत असतं. म्हणून आमचं मत स्पष्ट आहे: महागड्या गटवर्गापेक्षा आठवड्याला ४५ मिनिटांचा एकच एकास-एक तास आणि रोजचा घरचा सराव जास्त कामाचा. गटवर्ग तिकडे पोचल्यावर घ्यावा, तिथे ओळखीही होतात.

अर्ध्या तासाच्या चाचणीत फोनवर स्टॉपवॉच लावा. शिकणारा किमान १२ ते १५ मिनिटं बोलला पाहिजे, चुकत का होईना. शिक्षक सगळा वेळ पडद्यावर व्याकरणाचे तक्ते दाखवत असतील तर पुढचा शिक्षक बघावा. शिकणाऱ्याने मुद्दाम एक वाक्य चुकीच्या क्रमाने बोलून पाहावं (ते कोणतं हे पुढे येतंच) आणि शिक्षक टोकतात का ते बघावं. गोड हसून पुढे जाणारा शिक्षक सहा महिन्यांनी महाग पडतो.

दोन प्रश्न जरूर विचारावेत. लिहायला बोकमोल शिकवणार की नीनोश्क? नॉर्वेजियनच्या या दोन लेखी रीती आहेत आणि बहुसंख्य लोक बोकमोल लिहितात, तेव्हा सुरुवात त्यानेच करावी. आणि तुम्ही स्वतः कुठल्या भागातलं बोलता? नॉर्वेत बोलण्याची अशी एक प्रमाण भाषा नाही, प्रत्येक जण आपल्या गावचंच बोलतो. ऑस्लोत ‘मी’ला ‘यै’ म्हणतात, बर्गन-स्टावांगरकडे ‘एग’, ट्रॉनहाइमकडे आणि उत्तरेत ‘ॲ’. पुण्याचं मराठी शिकून चंदगडच्या एसटी स्टँडवर उतरल्यासारखं होतं. पहिले तीन महिने ऑस्लोकडचं चालेल, नंतर ज्या गावात राहायचं तिकडचा माणूस शोधावा.

इंग्रजी कच्चं असेल तर? मराठी माध्यमातून शिकलेल्या जोडीदाराची ही भीती असते, आणि ती खरी आहे. ऑनलाइन साहित्य बहुतेक इंग्रजीतून समजावलेलं असतं, ड्युओलिंगोचा नॉर्वेजियन कोर्ससुद्धा. अशा वेळी चित्रं दाखवत पहिल्या दिवसापासून नॉर्वेजियनमध्येच बोलणारा शिक्षक घ्यावा. तिथल्या कोमुनेच्या वर्गातही असंच चालतं, कारण बाकावर पाच-सात देशांचे लोक असतात आणि सगळ्यांना येणारी दुसरी भाषाच नसते. इंग्रजी कमी असलेला तिथे मागे पडत नाही, उलट त्याला पळवाट नसते.

उच्चार: आपल्याकडे काय आधीच आहे

शिक्षकांना हे सहसा ठाऊक नसतं, म्हणून शिकणाऱ्याने स्वतः ओळखून ठेवावं. ऑस्लो, ट्रॉनहाइम आणि उत्तर नॉर्वेत ‘र’नंतर त, द, न, ल, स आले की दोन्ही मिळून ट, ड, ण, ळ, ष होतात. इंग्रजी, स्पॅनिश, पोलिश बोलणाऱ्यांना जे महिनोन्‌महिने जमत नाही, ते आपल्याला पाळण्यातच मिळालेलं आहे. ‘मूल’ या शब्दाच्या लिखाणात बी, ए, आर, एन ही अक्षरं आहेत आणि उच्चार थेट आपला ‘बाण’. ‘तयार, संपलं’ याला ‘फॅडी’. ‘नॉर्वेजियन भाषा’ म्हणजे ‘नॉष्क’, पोटफोड्या षचा. दोन शब्द शेजारी आले तरी हेच होतं: ‘तुझ्याकडे आहे का’ला ‘हार दू’ लिहितात आणि ‘हाडू’ म्हणतात. बर्गन, स्टावांगर, क्रिस्तियानसानकडे ‘र’ घशातून काढतात, तिथे मात्र हे होत नाही. स्टावांगरला जाणाऱ्याने याची सवय लावून घेऊ नये.

स्वरांची लांबी ही दुसरी देणगी, आणि ती कन्नडची. मराठी कान ऱ्हस्व-दीर्घाकडे ढिलाईने बघतो. कन्नडात ‘कोडु’मधला ओ आखूड असला तर ‘दे’ आणि लांब असला तर ‘शिंग’. नॉर्वेजियनमध्ये स्वर लांब ठेवून ‘ताऽक’ म्हटलं की छप्पर, आखूड ठेवून ‘ताक्क’ म्हटलं की आभार. शाळेत तिसरी भाषा म्हणून कन्नड शिकलेल्याने तो कान इथे वापरावा.

आता नडणाऱ्या गोष्टी. शब्दाच्या सुरुवातीचे प, त, क नॉर्वेजियन लोक श्वास सोडून म्हणतात, जवळजवळ फ, थ, ख. आपला कोरडा ‘प’ त्यांना ‘ब’ ऐकू येतो, ‘त’ हा ‘द’. कागदाची बोटभर पट्टी ओठांसमोर धरून ‘ताक्क’ म्हणावं, पट्टी हलली पाहिजे. फ मात्र फुलातला, ओठ मिटून काढलेला. ‘फॅन’मधला फ त्यांच्याकडे वेगळा वर्ण आहे. आणि ‘स’नंतर आलेल्या प, त, क ला श्वास नको, तिथे पट्टी हलता कामा नये.

स्वरांसाठी आरसा घ्या. ‘ई’ म्हणत राहा आणि जीभ न हलवता ओठ पुढे काढा: हा त्यांचा ‘वाय’. तो नुसता ‘ई’ झाला तर ‘शिवणं’चं ‘सांगणं’ होतं. ‘ए’ म्हणताना ओठ गोल केले की तिरकी रेघ मारलेलं अक्षर (ø). डोक्यावर वर्तुळ असलेलं अक्षर (å) म्हणजे आपला साधा ‘ओ’. आणि साधं लिहिलेलं o पुष्कळदा ‘ऊ’ होतं: सूर्य ‘सूल’, पुस्तक ‘बूक’, राहणं ‘बू’. देवनागरीत उच्चार टिपून ठेवायचे ते पहिल्या महिन्यापुरतेच. आपल्या लिपीत हे गोल ओठांचे स्वर नाहीत, त्यामुळे वहीत लिहिलेलं ‘यू’ पुढे तोंडात घट्ट बसतं. फोनच्या कीबोर्डमध्ये ‘नॉष्क बोकमोल’ जोडून घ्यावं, तीन जादा अक्षरं मिळतात.

व्याकरणात दोनच ठिकाणी खरी मेहनत

बाकी सोपं आहे. क्रियापद मी-तू-तो यांच्याप्रमाणे बदलत नाही. तीन लिंगं आपल्यासारखीच, आणि घर, मूल, झाड हे तिन्ही शब्द तिकडेही नपुंसकलिंगी आहेत. (पुस्तक नाही, तेव्हा यावर भरवसा ठेवू नये.) आकड्यांत १९५१ साली त्यांनी रीत बदलली, आता ‘वीस-एक’ म्हणतात. पण म्हातारी माणसं अजून ‘एक आणि वीस’ म्हणतात, आपल्या एकवीससारखं, आणि ते आपल्याला चटकन कळतं. ‘तुम्ही’ व्यवहारातून गेलेलं आहे. शिक्षक, डॉक्टर, साहेब, सगळ्यांना ‘दू’, आणि हाक नावानेच. आपल्याकडच्या सुनेला बाईंना नावाने हाक मारायला जड जातं, पण चाचणी तासापासूनच ती सवय लावावी.

पहिली मेहनत क्रियापदाच्या जागेची. आपलं क्रियापद शेवटी, त्यांचं साध्या विधानात दुसऱ्या जागी, सुरुवात कशानेही झाली तरी. ‘आज मी जाते’ हे ‘आज जाते मी’ असं होतं: ‘ई दाग गोर यै’. आपले लोक ‘ई दाग यै गोर’ म्हणतात, आणि शिक्षकाला पारखायचं वाक्य तेच. सराव म्हणून रोज रात्री कालच्या दिवसाबद्दल दहा वाक्यं लिहावीत, प्रत्येकाची सुरुवात वेळेच्या किंवा जागेच्या शब्दाने करून: सकाळी, मग, दुकानात, जेवणानंतर. तीन आठवडे सलग लिहिलं की हात आपोआप वळतो.

दुसरी मेहनत ‘वाटणे’ची. मराठीत सगळं वाटतंच. त्यांच्याकडे दोन क्रियापदं आहेत आणि चुकलं तर अर्थ बदलतो. खात्री नसलेला अंदाज असेल तर ‘त्रूर’: मला वाटतं उद्या पाऊस येईल. स्वतः अनुभवून झालेलं मत असेल तर ‘स्यूनेस’: मला वाटतं हा कुंदा फार गोड आहे. खाण्याआधी त्रूर, खाल्ल्यावर स्यूनेस, एवढं ध्यानात ठेवलं तरी पुरे.

रोजचे ४५ मिनिट

पंधरा मिनिटं ऐकणं, पंधरा मिनिटं मोठ्याने वाचणं, पंधरा मिनिटं बोलणं. ऐकायला एनआरके या सरकारी वाहिनीचा रेडिओ आहे. वाचायला ‘क्लार ताले’ हे सोप्या भाषेतलं वर्तमानपत्र, त्यातलं ऐकताही येतं. पायरीपायरीने जायला ट्रॉनहाइमच्या एनटीएनयू विद्यापीठाचा मोफत ऑनलाइन कोर्स आहे. शब्द बघायला ‘ऑर्डबोकेने’ हा तिथल्या भाषामंडळाचा आणि बर्गन विद्यापीठाचा शब्दकोश. याच्यापुढे अ‍ॅप गोळा करण्यात वेळ घालवू नये.

तिकडे असलेल्या जोडीदाराने शिक्षक होऊ नये. नवऱ्याने व्याकरण सुधारायला घेतलं की फोनवरचं बोलणं परीक्षेसारखं होतं, आणि मग बायको बोलायचंच टाळते. त्याने रोज दहा मिनिटं फक्त गिऱ्हाईक, शेजारी किंवा डॉक्टर व्हावं, आणि चुका न काढता उत्तरं द्यावीत. चुका काढायला शिक्षकाला पैसे दिलेले आहेत.

पोचल्यावर

कोमुनेच्या केंद्रात आधी पातळी तपासतात आणि शिक्षणाप्रमाणे वाट ठरवतात. कमी शाळा झालेल्यांची गती हळू, पदवीधरांची जलद. पदवीची कागदपत्रं तपासणीच्या दिवशीच सोबत न्यावीत. पदवीधर हळू वाटेवर पडला तर महिनाभरात कंटाळतो, आणि नंतर बदलून घ्यायला वेळ जातो.

ग्रंथालयांत ‘स्प्रोककाफे’, म्हणजे भाषेच्या सरावाचा गप्पांचा कट्टा, भरतो, फुकट असतो, नाव नोंदवावं लागत नाही. रेडक्रॉसचे स्वयंसेवक बोलण्याचा सराव घेतात. लहान मूल असेल तर ‘ओपन बाणेहागे’, आईबापाने मुलासोबत बसायची खुली बालवाडी, ही सगळ्यांत चांगली जागा. मुलांशी बोलताना तिथले लोक इंग्रजीवर येत नाहीत. वर्ग निवडताना बस बदलावी लागणार नाही असा निवडावा. नोव्हेंबरच्या अंधारात, बर्फाच्या चिखलात दोन बस बदलून जायचा उत्साह टिकत नाही.

दुकानात समोरचा इंग्रजीवर आला की म्हणायचं वाक्य पाठ हवं: ‘कान वी स्नाक्के नॉष्क? यै एवर.’ नॉर्वेजियन बोलूया का, मी सराव करतेय. ‘एवर’चा पहिला स्वर गोल ओठांचा. बहुतेक जण आनंदाने, हळू बोलतात.

परीक्षेचे चार भाग असतात: वाचन, श्रवण, लेखन, तोंडी. वेगवेगळेही देता येतात. नोंदणीची मुदत ठरलेली असते आणि मोठ्या शहरांतल्या जागा लवकर भरतात. तोंडीला नाव घालताना पातळीची जोडी निवडायची असते, ए-१ ते ए-२, ए-२ ते बी-१, किंवा बी-१ ते बी-२. बी-१ हवं असलेल्याने मधली जोडी घ्यावी. ही परीक्षा दुसऱ्या एका उमेदवारासोबत, दोन परीक्षकांसमोर होते आणि त्या अनोळखी माणसाशी बोलून दाखवावं लागतं. तो गप्प असला तर त्याला प्रश्न विचारायचा: तुला काय वाटतं, आणि का? हा प्रश्न स्यूनेस वापरून, घरातल्या नव्हे तर स्प्रोककाफेतल्या कुणासोबत तरी आधी वीसेक वेळा विचारून झालेला असावा.